पुण्यात बसून समुद्राच्या निरीक्षणांसाठी डेटा सिस्टिम उभारायची आहे. डेटाबेस कोणता घेऊ?

तुम्ही बाणेरच्या आयटी कंपनीत आहात, एका संशोधन गटाचं काम हाती आलंय, त्यांच्याकडे बॉय (समुद्रात तरंगणारे मोजमापाचे बोये), सीटीडी (पाण्यात खाली सोडून क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) आणि आर्गो फ्लोट (समुद्रात आपोआप खाली-वर करणारे मापक) यांच्या कित्येक वर्षांच्या फायली पडून आहेत आणि डेटाबेस म्हणून मोंगोडीबी घ्यावं की पोस्टग्रेस, प्रचंड डेटा अनेक संगणकांवर वाटणारं हडूप लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मीही पुण्यातच अशाच डेटावर काम करतो. डेटाबेसचं शेवटी सांगतो, कारण तो भाग सोपा आहे.

पहिलं म्हणजे आकाराचा बाऊ करू नका. जगभरच्या समुद्रांत मिळून सुमारे 4000 आर्गो फ्लोट आहेत आणि प्रत्येक जण साधारण 10 दिवसांनी एक प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरच्या मोजमापांचा एक संच, पाठवतो, म्हणजे दिवसाला 400 च्या आसपास. एवढं तुमच्या लॅपटॉपलाही झेपेल. डोंगराएवढा डेटा मॉडेलचा, म्हणजे संगणकावर चालवलेल्या समुद्राच्या गणिताचा असतो, तो प्रश्नच वेगळा. निरीक्षणं थोडी असतात, महाग असतात आणि हुकलेलं निरीक्षण पुन्हा घेता येत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते इथे: आज आलेला आकडा वर्षभराने बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. आर्गो फ्लोट 1000 मीटरवर वाहत राहतो, मग 2000 मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान, क्षारता, दाब मोजतो. पृष्ठभागावर आला की उपग्रहामार्फत आकडे पाठवतो आणि परत बुडी मारतो. त्याला सहसा कोणी परत आणत नाही, त्यामुळे सेन्सर बिघडत चाललाय का हे प्रयोगशाळेत तपासायची सोय नाही. क्षारतेच्या सेन्सरचं माप हळूहळू सरकतं. ते किती सरकलं हे आजूबाजूच्या भरवशाच्या प्रोफाइलशी ताडून, बरंच नंतर ठरतं. म्हणून आर्गोत प्रत्येक प्रोफाइल दोनदा जन्मतं. आधी 24 तासांच्या आत स्वयंचलित तपासणी करून सोडलेलं, फाइलचं नाव इंग्रजी 'आर'ने सुरू होणारं. मग तज्ज्ञाने बघून दुरुस्त केलेलं, 'डी'ने सुरू होणारं. दुरुस्त फाइलमध्येही मूळ क्षारता तशीच ठेवलेली असते. सुधारलेली क्षारता आणि तिची संभाव्य चूक शेजारच्या वेगळ्या रकान्यांत असते.

सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली तरी जुनं नाव नाहीसं होत नाही, त्याला कंस पडतो आणि फेरफाराचा नंबर लागतो. तुमची सिस्टिम तशी हवी. अपडेट क्वेरीने जुना आकडा पुसला जाईल अशी वाटच ठेवू नका. कोणी, कधी, कोणत्या कारणाने बदलला, हे आकड्याला चिकटलेलं असू द्या. आर्गोचा पूर्ण साठा दर महिन्याला गोठवून त्याला डीओआयची (कायमच्या ओळख-क्रमांकाची) स्वतंत्र खूण देतात तेही यासाठीच: तीन वर्षांपूर्वीचा पेपर तपासायचा तर तेव्हाचेच आकडे मिळायला हवेत.

माहितीबद्दलची माहिती, म्हणजे मेटाडेटा, हा लोकांना कंटाळवाणा वाटतो. एक्सबीटीचं उदाहरण बघा. जहाजावरून तारेला बांधलेला छोटा प्रोब सोडायचा, तो तापमान मोजत खाली जातो. त्यावर दाबाचा सेन्सर नसतो. पाण्यात पडून किती सेकंद झाले त्यावरून खोली काढतात. पडण्याच्या वेगाचं समीकरण जरासं चुकलं की सगळं तापमान चुकीच्या खोलीवर जातं. 1970 च्या दशकात समुद्र अचानक तापल्यासारखा दिसायचा, त्यात या चुकीचा मोठा वाटा होता, हे 2007 च्या सुमारास नीट उघडकीला आलं. प्रोब कोणत्या बनावटीचा हे जिथे लिहून ठेवलं होतं तिथे दुरुस्ती करता आली. जिथे नव्हतं (आणि अशी प्रोफाइल भरपूर आहेत) तिथे आजही अंदाजावर भागवावं लागतं. एक रकाना भरायचा कंटाळा, दुसरं काय!

आता तुमच्या फायलींकडे. वेळेपासून सुरू करा. आपल्याकडे साडेआठचं निरीक्षण म्हणजे भारतीय वेळेनुसार 08:30, जागतिक वेळेनुसार 03:00. बॉयच्या फाइलमध्ये नुसतं 08:30 लिहिलं असेल तर ते कोणतं, हे विचारल्याशिवाय आत घेऊ नका. भारतीय वेळ जागतिक समजून घेतली गेली तर कळण्याची खूण अशी की समुद्राचा पृष्ठभाग दुपारी दोन-अडीचऐवजी रात्री आठला सर्वांत गरम दिसू लागतो.

मग अक्षांश-रेखांश. फ्लोट जमिनीवर दिसला तर धुडकावा, ही तपासणी सगळे लावतात. पण रत्नागिरीच्या पश्चिमेचा, 17 उत्तर आणि 70 पूर्व इथला फ्लोट घ्या आणि आकड्यांची अदलाबदल करा. तो नॉर्वेच्या किनाऱ्याबाहेर समुद्रातच पडतो! गंमत म्हणजे आपल्या पुण्याचे आकडे उलटे केले तरी पाणीच लागतं, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेअर बेटाच्या जरा दक्षिणेला. म्हणून आधीच्या जागेपासून इतका वेग शक्य आहे का, हीही तपासणी लावा.

कोणता आकडा शक्य आणि कोणता नाही, या मर्यादा कोड लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नयेत. पावसाळ्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्याने उत्तर बंगालच्या उपसागरात पृष्ठभागाची क्षारता 30 च्या खाली जाते, तर उत्तर अरबी समुद्रात 36 च्या वर असते. 33 ते 37 अशी सुटसुटीत चौकट घातलीत तर मान्सूनच्या अभ्यासकाला जे बघायचंय नेमकं तेच गाळलं जाईल. आणि काहीही गाळू नका, शेरा मारा. आर्गोत 1 म्हणजे चांगलं, 4 म्हणजे वाईट, मध्ये शंकेच्या पायऱ्या आणि 9 म्हणजे आकडा नाही. हेच शेरे उचला, स्वतःचे नवे काढू नका.

देवाणघेवाणीसाठी वेबसाइट बांधत बसू नका. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं ईआरडीडॅप हे डेटा वाटायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकाच साठ्यातून कोणाला सीएसव्ही, कोणाला नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटाच्या फाइलचा एक प्रकार), कोणाला नुसता आलेख देतं आणि मागणी पूर्ण लिंकमध्येच असते, त्यामुळे पायथनमधून थेट वाचता येतं. फाइल नेटसीडीएफमध्ये, नावं आणि एककं सीएफ या हवामान-समुद्र डेटाच्या ठरलेल्या संकेतांप्रमाणे. 'टेम्प' असा रकाना दिसला की हवेचं की पाण्याचं, हे विचारा. आपल्याकडच्या आर्गोचं काम हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्रात चालतं, त्यांच्या फायली उतरवून बघा. कोणता डेटा कोणाला आणि कधी खुला करायचा हे गटाकडून लेखी घ्या. ते सिस्टिममध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या, मागाहून बसवताना भांडणं होतात.

राहिला डेटाबेस. पोस्टग्रेस घ्या, वर नकाशावरच्या जागा हाताळणारं पोस्टजीआयएस लावा, मूळ फायली जशाच्या तशा वेगळ्या डिस्कवर वाचण्यापुरत्या ठेवा. हडूप नको. पण त्याच्याही आधी, या आठवड्यातच, सेन्सरची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं आणि जहाजावरच्या वह्या मागून घ्या. त्या कुणाच्या तरी कपाटात असतात आणि तो माणूस निवृत्त झाला की कपाट रद्दीत जातं.