मराठीतून फँटसी टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा) मांडतोय. फायटर, विझार्ड (जादूगार), रोग (इंग्रजी rogue, म्हणजे चोरटा) या क्लासना, म्हणजे पात्रांच्या प्रकारांना, नावं काय द्यावीत?

पात्र टेबलावर काय करतं, त्यावरूनच नाव ठेवा. १९७४ च्या पहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळात तीनच क्लास होते, त्यातले दोन तर सरळ ‘लढणारा’ आणि ‘जादू वापरणारा’. मराठा फौजेतले शब्द घ्याच, ते नियमासकट येतात: शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, बारगिराला ती सरकारातून. झाले दोन वेगळे फायटर! विझार्डला मांत्रिक चालेल. फक्त कुठल्याही जमातीचं नाव क्लासला नको, चोराला ‘पारधी’ तर मुळीच नको. इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना आपल्या सोलापुरातच, सेटलमेंटमध्ये, कुंपणाआड ठेवलं होतं. त्यांची नातवंडं इथंच राहतात. रोगला ‘हेर’ म्हणा.