हार्डनर, खोकला आणि गावी गेल्यावर मोकळी होणारी छाती

प्रश्न: डॉक्टर, माझे मिस्टर गाड्यांच्या बॉडी शॉपमध्ये पेंटर आहेत, वय 38, बिडी-सिगारेट काही नाही. वर्षभर झालं रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजते, उठून बसावं लागतं. एक्स-रे नॉर्मल आला, अ‍ॅलर्जी आहे म्हणून पंप दिलाय. पण दिवाळीत गावी होतो तर एकदाही खोकले नाहीत. ते म्हणतात कामाचा काय संबंध, मी मास्क लावतो आणि त्रास तर घरी आल्यावर होतो. काम सोडायला लावू का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: ताई, गावी खोकला थांबला ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती डॉक्टरांना कोणी सांगितलीच नसणार, कारण ओपीडीच्या गर्दीत "काम काय करता" हे विचारलंच जात नाही, याचा मला फार राग येतो.

गाडीला हल्ली टूके पेंट, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा रंग मारतात, त्यात आणि वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रंग कडक करणारं हार्डनर मिसळतात, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळला 1984 मध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधला वेगळा, तेवढा उडून जाणारा नाही, पण गनमधून फवारला की त्याचं बारीक धुकं होतं आणि श्वासाबरोबर आत जातं. कित्येक महिने, कधी कधी वर्षं काहीच होत नाही, मग एकदा का शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की अगदी थोड्यानेही दमा उठतो. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या स्प्रे पेंटरना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे 80 पट धरतात. आणि हा दमा बऱ्याचदा काम संपल्यावर काही तासांनी उठतो, म्हणून माणूस घरातल्या धुळीला, पंख्याला, दह्याला दोष देत बसतो. दम्यात एक्स-रे बहुतेक नॉर्मलच येतो, त्यावर जाऊ नका.

काम लगेच सोडायला लावू नका, आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा, कारण काम चालू असतानाच हे पकडता येतं. श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर मेडिकलमध्ये मिळतं, महाग नाही. दिवसातून निदान चार वेळा फुंकायचं, आकडा लिहायचा, तीन-चार आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत वर येतो असं दिसलं तर डॉक्टरांच्या हातात पुरावा आला. मात्र पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर तक्ता-बिक्ता राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा आणि परत बूथमध्ये, म्हणजे फवारणीच्या बंद खोलीत, पाऊल नको.

हार्डनरचाच दमा निघाला तर चांगला मास्क घेऊन तेच काम चालू ठेवणं हा उपाय नाही. फवारणी सोडायचीच, आणि लवकर. सोडल्यावर साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे होतात, जितकं जास्त रेटलं तितकी ती आशा कमी, आणि पंपाने लक्षणं दबतात पण आतलं नुकसान चालूच राहतं. त्याच वर्कशॉपमध्ये फिटिंग किंवा इस्टिमेटचं काम मिळतं का विचारा, पण बूथपासून लांब. केसपेपरवर "स्प्रे पेंटर, हार्डनरचं काम" एवढं लिहून घ्याच. कामामुळे होणारा दमा आपल्याकडे भरपाईच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे आणि ईएसआयसीचं कार्ड असेल तर तिथे ही नोंद लागते.

प्रश्न: माझं छोटं गॅरेज आहे, बूथ नाही. पोरांना रोज गूळ आणि दूध देतो, कापडी मास्क पण देतो. अजून काय करू?
– गॅरेजमालक, सांगली

उत्तर: गूळ-दूध जरूर द्या, पण ते पोटात जातं, फुफ्फुस धुवून निघत नाही. कापडी मास्क आणि एन-95 टूके पेंटसाठी चालत नाहीत. कार्बन कार्ट्रिजवाला मास्कही भरवशाचा नाही, कारण कार्ट्रिज संपलं तरी कळत नाही. हार्डनरमधल्या आयसोसायनेटची सुरक्षित मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 0.005 भाग इतकी बारीक आहे, वास यायच्या आधीच ती ओलांडलेली असते. कंप्रेसरमधून गाळलेली हवा नळीने आत येते तो एअर-फेड मास्क लागतो, खर्च आहे, पण करा. पोरं फिनिश बघायला मधेच मास्कची काच वर करतात ते बंद करायला लावा, धुकं दिसेनासं झालं तरी हवेत असतंच. गन धुताना नायट्राइलचे ग्लोव्हज, कारण कातडीतूनही अ‍ॅलर्जी बसू शकते. एखाद्याला खोकला लागला तर त्याला घरी बसवू नका, दुसरं काम द्या, नाहीतर बाकीचे भीतीने लपवतील. आणि पावसाळ्यात शटर ओढून आत फवारणी करत असाल तर ती आजपासून बंद.