चणे, वाटाणे आणि अकरावीतला चौथा विषय

ऐरोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला, गणित आणि बायो दोन्ही घेतलेली. क्लासवाले म्हणतात, एक सोडा, वेळ वाचेल. मुलगी म्हणते, मला नव्या जाती कशा तयार होतात त्याची गणितं करायची आहेत. वडील विचारतात, "असं काही खरंच असतं का? आणि असलं तर त्यावर घर चालतं का?"

नमस्कार,

असतं. घराचं नंतर बोलू.

तिच्या वहीच्या ज्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात, त्यावर 10 पुढे 45 आणि 20 पुढे 190 लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. तुम्हाला तो स्कोअर वाटला असेल. समजा, एकाच जातीच्या पालींचे दोन गट खाडीमुळे वेगळे पडले. दोन्हीकडे जनुकांत हळूहळू बदल होतात. अलीकडचा बदल अलीकडे खपतो, पलीकडचा पलीकडे. पण दोन्ही एका पिल्लात आले तर पटेलच असं नाही. आपापल्या घरी दोघं गुणी, एका छताखाली आले की खटके. असे खटके साचत गेले की एका जातीच्या दोन होतात. एकाच बाजूच्या नव्या बदलाचं पलीकडच्या जुन्या जनुकाशीही बिनसू शकतं, म्हणून सगळ्याच जोड्या मोजायच्या. एकूण बदल 10, तर जोड्या 45. बदल 20, तर 190. बदल दुप्पट, भांडणाच्या जागा चौपटीहून जास्त.

हे गणित उत्क्रांतीचे अभ्यासक अ‍ॅलन ऑर यांनी 1995 मध्ये मांडलं. 2010 मध्ये ते टोमॅटोच्या रानटी भाईबंदांवर आणि फळमाश्यांवर तपासलं गेलं. टोमॅटोत बियांच्या वंध्यत्वाबाबत ते जुळलं, परागकणांच्या बाबतीत नाही. का नाही, हे शोधायला जीवशास्त्र लागतं, आणि जुळलं की नाही हे ठरवायला गणित. क्लासवाल्यांना कुठला विषय सोडायचा आहे ते त्यांनीच सांगावं.

(तिने 'जाती' लिहिलंय, पेपरात सरसकट येतं तसं 'प्रजाती' नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रजाती ही वरची पायरी आणि जाती तिच्या खालची. मुलगी पुस्तक नीट वाचते.)

तुम्ही लिहिलंय, "त्यापेक्षा इंजिनिअर होऊ दे." होऊ दे की. जॉन मेनार्ड स्मिथ केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकले, महायुद्धात विमानांची गणितं केली, मग पुन्हा विद्यार्थी होऊन जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे जीवशास्त्र शिकायला गेले. मध्ये खाडी-डोंगर काही नसताना एकाच जागी एका जातीच्या दोन होऊ शकतात का, याचं मॉडेल त्यांनी 1966 मध्ये मांडलं. हे हाल्डेन स्वतः 1957 मध्ये कोलकात्याला आले आणि शेवटपर्यंत भारतातच राहिले. त्यांच्याकडे जीवशास्त्राची पदवी नव्हती. तेव्हा उशिरा वळताही येतं. पण दोन्ही विषय हातात असताना एक आपणहून का टाकायचा?

आता घर. खोटं सांगणार नाही. आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या सरकारी संस्था) पाच वर्षं, मग पीएचडीची तितकीच. तिशी जवळ येते. पीएचडीला फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 आणि घरभाडं. पुढे कायमच्या जागा थोड्या आणि रांग मोठी. मात्र वाटेत संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्कं होतं, आणि ते साथींचा अभ्यास, औषधसंशोधन, विमा अशा बऱ्याच ठिकाणी चालतं. मेडिकलची सीट हुकलेल्या मुलापेक्षा ही मुलगी कमी अडचणीत असते, असं माझं मत आहे.

आयसरच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. म्हणजे एक विषय सोडला की पाव पेपर गेला. नेस्ट ही दुसरी प्रवेशपरीक्षाही द्यायला लावा. त्यातून कलिन्याचं सीईबीएस आणि भुवनेश्वरचं नायसर या विज्ञानसंस्था मिळू शकतात. कोलकात्याच्या आयएसआयचं (भारतीय संख्याशास्त्र संस्था) बी.स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्राची पदवी, हेही बघा, तिथे बायो लागत नाही.

पण फॉर्म भरण्याआधी एक रविवार खर्ची घाला. दोन डबे घ्या, प्रत्येकात 10 चणे आणि 10 वाटाणे. डबा म्हणजे पालींचा एक गट, चणा आणि वाटाणा म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपं. डोळे मिटून एक दाणा काढायचा, लिहायचा, परत टाकायचा. असं प्रत्येक डब्यातून 20 वेळा. जे आकडे येतील तेवढे चणे-वाटाणे भरायचे, ही पुढची पिढी. दोन-तीन पिढ्यांत हात दुखतील; मग तिला तेच पायथॉनमध्ये लिहू दे. सरासरी 28 पिढ्यांत डब्यात एकच प्रकार उरतो, आणि दोन डब्यांत तो वेगवेगळाही असू शकतो. मग दर पिढीला एकेक दाणा या डब्यातून त्या डब्यात टाकून बघा. एवढ्याने डबे एकमेकांपासून फार लांब जायचे थांबतात. नवी जात यायला याहून बरंच काही लागतं, पण सुरुवात इथूनच होते.

पन्नासाव्या फेरीलाही ती "आता दोन दाणे टाकून बघू" म्हणत असेल, तर मला कळवा. कंटाळून मोबाईल घेतला तरी कळवा. फक्त पुढचं पत्र तुम्ही नको, तिने लिहावं.