‘नाळे मूरु’ म्हणजे उद्या तीन

*ताई, माझे मिस्टर 61 वर्षांचे. रविवार पेठेत तीस वर्षं किराण्याचं होलसेल दुकान चालवलं. दीड वर्षापूर्वी मेंदूला झटका आला, उजवा हात दुबळा झाला आणि बोलणं गेलं. डॉक्टर अफेजिया म्हणाले. बोललेलं बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. स्पीच थेरपी चार महिने केली, सुधारणा थांबल्यासारखी वाटली म्हणून सोडली. कुणी भेटायला आलं की सगळं मीच सांगते. ते मान हलवतात आणि थोड्या वेळानं उठून आत जातात. दोस्तमंडळी आता फिरकतसुद्धा नाहीत, याचा फार राग येतो. शनिवारी दूधवालीला ‘नाळे मूरु’ का काहीतरी म्हणाले, तेवढंच. माझं माहेर चंदगडचं, मला कानडी येत नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो, मग त्याचा काय उपयोग? दुसऱ्या दिवशी मुलगी नातवंडांना घेऊन आली, तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. माणसांत पुन्हा कसे मिसळतील?*
*— एक पत्नी, शहापूर, बेळगाव*

‘नाळे मूरु’ म्हणजे ‘उद्या तीन’. रोज दोन लिटर घेत असाल, तर रविवारी तुमच्या पातेल्यात तीन पडलं असणार. आठवून बघा. मुलगी येणार हे त्यांनी घरात ऐकलं, नातवंडांना दूध लागेल हा हिशेब केला आणि आदल्या दिवशीच दूधवालीला सांगून ठेवलं. लेकीशी ते बोलले नाहीत म्हणता? तिच्या येण्याची तयारी त्यांनी तोंडानं केली होती! आणि तुम्ही ती ‘तेवढंच’ म्हणून बाजूला सारलीत. पत्र वाचताना मला तुमचा राग आला, तो लपवत नाही.

आता दारातला तो प्रसंग नीट बघा. दूधवालीच्या हातात माप, तुमच्या हातात पातेलं. तुम्हाला कानडी येत नाही म्हणून तुम्ही गप्प. तिला घाई असली तरी माप रिकामं होईपर्यंत ती उभी राहणारच. तेवढ्या वेळात त्यांना शब्द सापडला. अख्ख्या दिवसात त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू शकत नाही अशी ही एकच जागा आहे, आणि तिथंच ते बोलले.

दोस्तांवर रागावू नका. ते येतात, प्रश्न त्यांना विचारतात आणि उत्तर तुमच्याकडून ऐकतात. आपल्यासमोर आपल्याच आजाराची गोष्ट दुसरं कुणी सांगत असेल, तर माणूस उठून आतच जाणार. पुढं दोस्तही यायचे थांबणार.

अफेजियात, म्हणजे वाचाघातात, शब्दांची वाट अडते, अक्कल शाबूत असते. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रोग्याची हकिकत मांडली, त्याला ‘तां’ एवढाच उच्चार जमायचा, पण विचारलेलं कळायचं. तुमचे मिस्टर तर त्याच्या कितीतरी पुढं आहेत. आणि शब्द कानडीत आला याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन भाषांच्या माणसाला दोन्ही भाषा सारख्याच परत मिळतात असं नाही. 1895 मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, की आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती बऱ्याचदा आधी परतते, मग ती मायबोली नसली तरी. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, पण यांचं बघा. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या गिऱ्हाइकांशी गादीवर बसून तीस वर्षं काय बोलत होते? किती, कधी, उद्या, तीन पोती. तेच शब्द आले की! सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथंच राहू दे. त्यांच्या जिभेवर आलेल्या शब्दाला कुठल्या राज्याचा म्हणून विचारू नका.

तर उद्यापासून दुधाचा व्यवहार पूर्ण त्यांच्याकडे. पातेलं त्यांच्या डाव्या हातात द्या आणि तुम्ही आत जा. दाराआड उभं राहून ऐकायचं नाही, खरोखर आत जायचं. एखादा दिवस दूध कमी येईल, एखादा दिवस सांडेल, सांडू दे. कॅलेंडरवर खाडे त्यांनीच मांडायचे, आकडे वाकडे आले तरी चालतील. महिन्याचे पैसेही त्यांनीच मोजून द्यायचे. दूधवालीला मात्र कुणा कानडी शेजारणीकडून एवढं सांगून ठेवा, की त्यांचा शब्द अडला तर तोंडात घालू नको, थांब.

हे पंधरा दिवस झालं की एका दोस्ताला बोलवा. एकालाच, चौघांना नको. टीव्ही बंद ठेवा. समोर एक वही आणि पेन असू दे, म्हणजे कशाबद्दल बोलतोय तो एखादा शब्द लिहिता येईल, बोट दाखवता येईल. आणि चहा ठेवायला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात जा, चांगला अर्धा तास. दोघं नुसते बसून राहिले तरी बाहेर येऊ नका.

थेरपी पुन्हा सुरू करा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पुढं मंदावते, पण संपत नाही. वर्षांनंतरही शब्द परत आलेली माणसं आहेत. थेरपिस्टना पहिल्याच दिवशी सांगा, की यांच्या दोन भाषा आहेत आणि कानडीतला शब्द आधी आलाय. त्यांनी हे विचारलं नसेल, तुम्ही सांगितलं नसेल.

आणि मला पुढच्या पत्रात दूधवालीशी ते काय बोलले तेवढंच कळवा. अर्थ कळला नाही तर त्यांनाच विचारा, आणि ते सांगेपर्यंत थांबा.