सूतकताई-विणकामाच्या गटात नेमकं काय चालतं? काहीच येत नसताना जावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अशा गटात काय काय करतात, आणि हात बसल्यावर जावं की आत्ताच. दोन्हींबद्दल सांगते. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'माझ्या कच्च्या सुतामुळे बाकीच्यांचं काम बिघडलं तर?' खरं सांगते, त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. ते वाक्य मी माझ्याबद्दल ऐकलंय, भर गटात, सगळ्यांसमोर.

आत्ताच जा. घरी एकट्याने शिकलेल्या हाताला लागलेल्या सवयी मोडायला, नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पीळ मागच्या चिमटीतून निसटून पेळूत (पिंजलेल्या तंतूंच्या वळलेल्या वातीत) शिरला की तंतू पुढे सरकत नाहीत, हे वाचून डोक्यात शिरतं, बोटांत उतरत नाही. शेजारी बसलेली बाई तुमचा अंगठा जरा मागे सरकवते आणि धागा सुटतो. चरख्याची घाई करू नका, टकळी (हाताने फिरवायची कातण्याची काडी) पुरे. आणि नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी कापूस देणारे गट चुकतात, हे माझं स्पष्ट मत आहे. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. लोकरीचा सहज सात-आठ, कधी त्याच्या दुप्पट. तंतू लांब असला की हात सावरायला उसंत मिळते. महिनाभर लोकर काता, मग कापसाकडे वळा. कापसाला हलकी टकळी घ्या आणि तिचं टोक वाटीत टेकवून फिरवा. लोंबत्या टकळीचं वजन नवख्याचा कापसाचा धागा पेलत नाही.

गटात काय चालतं म्हणाल, तर निम्म्याहून जास्त वेळ कातण्याआधीची कामं चालतात. लोकर धुणं (पाणी कडकडीत चालेल, पण घुसळायची नाही, आणि गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकायची नाही, नाहीतर तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतून बसतात), सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं. मग कातणं, दुपदरी करताना उलटा पीळ देणं, फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) लड्या उतरवणं. मधूनच एखादा दिवस रंगकामाचा. आणि जिथे माग असतो तिथे सगळ्यांचे डोळे शेवटी मागाकडे लागलेले असतात. आमच्याकडे होते.

एका वर्षी आमच्या गटाने ठरवलं, सगळ्यांच्या सुताचं मिळून एकच कापड विणायचं. पन्हा (रुंदी) एक मीटर, लांबी पाच मीटर. दर सेंटीमीटरला दहा दोरे धरले, म्हणजे ताण्याला (मागावरच्या उभ्या दोऱ्यांना) हजार दोरे. मागावर वाया जाणारं धरून ताणा सहा मीटरचा, म्हणजे सहा हजार मीटर सूत नुसत्या ताण्याला. बाण्याला (आडव्या दोऱ्याला) आणखी चार हजार. एकूण दहा किलोमीटर. माझा हात तेव्हा तासाला दोनशे मीटर चालायचा. मी एकटीने कातलं असतं तर पन्नास तास लागले असते, तेही पिंजण आणि पेळू सोडून. विणणाऱ्या ताईंना मात्र चार-पाच दुपारी पुरणार होत्या. कातणाऱ्याला नेहमी हेच भोगावं लागलंय. १७३३ मध्ये जॉन केने धावत्या धोट्याचं (बाण्याचं सूत आरपार नेणाऱ्या साधनाचं) पेटंट घेतलं, पुढे इंग्लंडात विणकरांचा वेग वाढला आणि त्यांना सूत पुरेना. १७६०च्या दशकात हारग्रीव्ह्जने एका चाकावर अनेक चात्या (सूत कातणाऱ्या सळया) फिरवणारी जेनी, म्हणजे कातायचं यंत्र, केली, तेव्हा कुठे ती टंचाई हटायला लागली. मागाला पुरेल इतकं सूत कातायला ढीगभर हात लागतात, आणि कापड झाल्यावर नाव मात्र विणणाऱ्याचं होतं.

तर चौदा जणींनी कताई केली. मी सगळ्यांत नवी, दीड वर्षाची. माझ्या वाट्याला सातशे मीटर आलं, ते मी दोन आठवड्यांत कातून दिलं. दहाच्या आसपासचं सूत मागितलं होतं, म्हणजे एका ग्रॅमला दहा मीटर. मी शंभर मीटरची प्रत्येक लडी वजनकाट्यावर ठेवून बघितली होती. दहा ग्रॅमच्या जागी अकरा-साडेअकरा भरत होतं. म्हणजे माझं सूत थोडं जाड. ते मी लडी देतानाच सांगितलं. 'चालेल,' ताई म्हणाल्या.

ताणा खळ (कांजी) देऊन मागावर चढला. पहिल्या वीतभर कापडातच दोरे तुटायला लागले. प्रत्येक लडीला आम्ही रंगीत दोऱ्याची खूण बांधली होती आणि ताणा भरताना कुणाचा दोरा कुठे गेला ते वहीत मांडलं होतं. तुटलेल्या अकरा दोऱ्यांपैकी नऊ माझे निघाले. ताईंनी पाय उचलला, माग थांबवला आणि म्हणाल्या, 'कच्चं सूत ताण्यात घातलं की सगळ्यांचं काम बिघडतं.' कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

पण तुटलेली टोकं मी उचलून एका पाकिटात घातली. घरी काळ्या कागदावर मांडून भिंगाखाली बघितली. पीळ कमी पडून तुटलेला दोरा कसा दिसतो ते मला माहीत होतं: तंतू एकमेकांवरून घसरून सुटतात, टोक निमुळतं होत जातं, झिजलेल्या कुंचल्यासारखं, आणि बाकीचा दोरा मात्र गुळगुळीत असतो. माझ्या नऊपैकी सात टोकांचं तसं नव्हतं. तुटल्या जागेच्या मागे बोटभर लांबीपर्यंत दोऱ्याला लव सुटली होती, तंतू उभे राहिले होते, आणि एका बाजूला त्यांच्या बारीक गोळ्या झाल्या होत्या. तो दोरा ताणाने तुटलेला नव्हता, तो घासून घासून तुटला होता.

घासायला मागावर जागा कुठली? फणी, म्हणजे ताण्याचे दोरे ज्याच्या फटींतून (घरांतून) जातात तो कंगवा. दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांच्या आधी गेले आणि फणीची घरं मोजली. सेंटीमीटरला वीस. दहा दोरे हवे होते म्हणून एक घर सोडून एक दोरा ओवला होता. मोजणीला ते बरोबर. पण वीस घरं म्हणजे एका घराला अर्धा मिलिमीटर, त्यातून पात्याची जाडी वजा करा. उरलेल्या फटीतून जेमतेम तेवढ्याच जाडीचं सूत, त्यात हातकताईच्या गुठळ्या, दर ठोक्याला पुढे-मागे जाणार. शेजारचं घर मोकळं आहे त्याचा दोऱ्याला काय उपयोग? त्याला तर आपल्याच घरातून जायचंय. दहा घरांची फणी लावून घरटी एक दोरा, किंवा पाच घरांची लावून घरटी दोन दोरे ओवले असते तर गुठळी आरामात पार झाली असती. फणीच्या मागच्या बाजूला पांढऱ्या लवेची रेघ साचलेली मी बोटाने दाखवली. ताई म्हणाल्या, ही फणी वर्षानुवर्षं चालतेय. चालत होतीच, पण गिरणीच्या सुतावर. त्याला गुठळी नसते.

फणी बदलली नाही. माझे दोरे एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी गिरणीचं सूत ओवलं. कापड पुरं झालं, सुंदर झालं, आणि त्यात माझा एकही ताण्याचा दोरा नाही. याला नऊ वर्षं झाली. मला अजून लागतं ते.

त्याच लड्यांपैकी उरलेलं सूत मी पुढे माझ्या लहान मागावर चढवलं, दहा घरांच्या फणीत. दीड मीटर विणलं, तीन दोरे तुटले. तो तुकडा ताईंना नेऊन दाखवला. त्यांनी हात फिरवला, 'छान झालाय' म्हणाल्या आणि दुसरं बोलायला लागल्या.

आता माझ्या बाजूने लपवायला नको. नऊपैकी दोन टोकं निमुळतीच होती. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो आणि जाड जागा सैल राहते, आणि माझं सूत तेव्हा एकसारखं नव्हतं. ते दोन दोरे माझ्या हाताने तुटले. खळही कदाचित आणखी दाट चालली असती. आणि मी आज जी काही विणते ते याच ताईंकडून शिकले, हेही तितकंच खरं आहे. पण सात दोरे फणीने तोडले, आणि नाव माझ्या हाताचं झालं.

म्हणून तुम्हाला सांगते. पहिलं वर्षभर तुमचं सूत बाण्याला द्या. बाण्याला ताण कमी, घासणं जवळजवळ नाही, थोडं कच्चं सूतही तिथे शोभतं. कुणी ताण्याला मागितलं तर आधी प्रत्येक लडीतला हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. टक् करून तुटला तर पीळ पुरेसा आहे, आवाज न करता सुटत गेला तर कमी आहे. मग सैल सोडून दोन्ही टोकं जवळ आणा. ताज्या कातलेल्या दोऱ्याने आपसूक स्वतःभोवती गुंडाळी घेतली पाहिजे. शंभर मीटर मोजून वजन करा आणि तो आकडा लडीला चिठ्ठीवर लिहून बांधा, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, मी त्यातून गेलेय.

आणि गटाला एवढंच म्हणा की वेगवेगळ्या हातांचं सूत ताण्यात मिसळायचं असेल तर चिठ्ठीवरचे आकडे बघून जाड-बारीक वेगळं करा, आणि फणी सगळ्यांत जाड दोरा बघून ठरवा. यात नवं-जुनं माणूस कुठे येतच नाही.

पहिल्या दिवशी जाल तेव्हा माग कुठे आहे ते विचारा, फणीवर मोजपट्टी ठेवा आणि एका सेंटीमीटरला किती घरं आहेत ते मोजून घ्या. कुणी विचारलं कशाला, तर सांगा, सूत किती जाड कातायचं ते ठरवतेय.