नववीची मार्कशीट शोध

अगं पोरी,

तुझा मेल रविवारी सकाळी चहा घेताना वाचला. उंची, वजन, राज्य स्पर्धेतले गुण, तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि शेवटी एकच प्रश्न, ‘मावशी, मला डिव्हिजन वन मिळेल का?’, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची सगळ्यात वरची पातळी. व्हिडिओवर गाणं टाकलंयस ते आधी काढ. गाणं छान आहे, पण त्या ठेक्यात तू फक्त स्वतःचे पडलेले बास्केट बसवलेस. चुकलेले शॉट कुठे गेले?

मला एक अख्खी मॅच पाठव, काटछाट न करता. शक्यतो तुम्ही हरलेली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुझा पास तुटला आणि समोरची मुलगी बॉल घेऊन सुटली, तेव्हा तू मागे धावलीस की कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडे बघत राहिलीस, हे इथल्या असिस्टंट कोच आधी बघतात. आणि उंची बूट काढून मोज. पाच फूट अकरा लिहून आलेली मुलगी विमानतळावर पाच नऊ निघाली, की तिच्या बाकीच्या आकड्यांवरही कुणाचा विश्वास बसत नाही.

आता माझ्या कामाचं. मी इथे ओहायोत एका कॉलेजच्या खेळाडूंचा अभ्यास सांभाळते. कोर्टवरचं कोच बघतात. माझ्या टेबलावर येतात त्या मार्कशीट, क्रेडिट आणि तारखा. म्हणून तुझ्या शूटिंगवर माझं मत विचारू नकोस. पण तुझ्या एवढ्या मोठ्या मेलमध्ये एकही तारीख नव्हती, ते मला खटकलं. दहावी कुठल्या साली, बारावी कधी संपणार, मध्ये गॅप आहे का, काहीच नाही.

कारण एनसीएएच्या, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात तुझं घड्याळ नववीच्या पहिल्या दिवशीच सुरू झालंय. नववी ते बारावी या चार वर्षांत डिव्हिजन वनला 16 कोअर कोर्स, म्हणजे मोजले जाणारे मुख्य विषय, लागतात. एक विषय वर्षभर शिकलीस की एक कोर्स, असं धर. त्यात इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, या तिघांपैकीच कुठला तरी आणखी 1, सामाजिक शास्त्रं 2, आणि उरलेले 4 यातून किंवा दुसऱ्या भाषेसारख्या विषयांतून. पी.टी. मोजत नाहीत. तू सायन्सला आहेस, म्हणजे अकरावी-बारावीत इतिहास-भूगोल नाही. मग सामाजिक शास्त्रांची दोन वर्षं येणार कुठून? नववी-दहावीतून. ‘नववीला कोण विचारतंय’ म्हणत आपण सगळ्यांनी जी नववी ढकलली, तीच इथे विचारतात. या 16 विषयांत डिव्हिजन वनला 2.3 आणि तिच्या खालच्या डिव्हिजन टूला 2.2 जीपीए, म्हणजे 4 पैकी काढलेली गुणांची सरासरी, लागतो. आपल्या मार्कांवरून तो त्यांचं एलिजिबिलिटी सेंटर काढतं, तू स्वतः काढून मेलमध्ये लिहू नकोस. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट एनसीएएने 2023 मध्ये काढली, तरी एखादं कॉलेज प्रवेशासाठी स्वतःहून मागू शकतं.

आपल्या बोर्डाची मार्कशीट दहावीची आणि बारावीची. नववी-अकरावीचा निकाल शाळेच्या आणि कॉलेजच्या कपाटात पडलेला असतो. क्लार्क रिटायर व्हायच्या आत तो काढून घे. निकालपत्रक मराठीत असेल तर मूळ कागद आणि सोबत ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात.

बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन टक्के वाढवायचे, हा आपल्याकडचा राजमार्ग. इथे तो अर्ध्यातच संपतो. वेळेवर बारावी झाल्यावर डिव्हिजन वनसाठी फार तर एक कोअर कोर्स वाढवता येतो, तोही वर्षभरात. त्यात ‘तोवर एफवायला ॲडमिशन घेऊन ठेवू’ असं घरात कुणी सुचवेल. बाबाच सुचवतील, मी ओळखते त्यांना. नको म्हणून सांग. कुठल्याही देशातल्या कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलंस की पाच वर्षांचं दुसरं घड्याळ चालू होतं, आणि त्या पाच वर्षांत चार सीझन खेळायचे असतात. या पाच वर्षांच्या नियमावर इथे कोर्टकज्जे चालू आहेत आणि तो बदलण्याची भाषाही आहे. तू मात्र आज जो नियम आहे तो धरून चाल.

एक गंमत सांगते, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. आपल्याकडच्याच एका मुलाने फॉर्मवर अकरावी-बारावीपुढे ‘ज्युनियर कॉलेज, दोन वर्षं’ असं लिहिलं. महाराष्ट्रात सगळे असंच म्हणतात. इथे ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज, ज्याला खेळातले लोक ‘जुको’ म्हणतात. म्हणजे कागदावर त्याची पाचांतली दोन वर्षं न खेळताच संपली होती. तो गुंता सुटायला तीन आठवडे गेले आणि तोवर कोचने ती जागा दुसऱ्याला दिली होती. तू ‘हायर सेकंडरी, इयत्ता 11 आणि 12’ असंच लिही. कॉलेज हा शब्दच नको.

आता तुझा प्रश्न. डिव्हिजन वन अशक्य नाही. कविता अकुला ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीत गेली, बंगळुरूची संजना रमेश 2019 मध्ये नॉर्दर्न ॲरिझोनात गेली. पण बाजार बदललाय. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या साडेतीनशेच्या वर टीम आहेत. खेळाडूंना कॉलेजने थेट पैसे देण्यावरून जून 2025 मध्ये कोर्टात तडजोड झाली, त्यानंतर ती मान्य केलेल्या कॉलेजांत एका टीममध्ये जास्तीत जास्त 15 जणी. त्यातली एक जागा रिकामी झाली की कोचसमोर दोन नावं असतात. एक तू, 17 वर्षांची, परदेशातली, जिला तिने प्रत्यक्ष कधी खेळताना पाहिलं नाही. दुसरी 21 वर्षांची, दोन सीझन खेळलेली, ट्रान्सफर पोर्टलमधली, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतली. मी कोच असते तर मीही दुसरीला फोन केला असता.

म्हणून डिव्हिजन टू, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि जुको ही नावं नाक मुरडून वाचू नकोस. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या बास्केटबॉलला दहा पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे असतात आणि कोच ते वाटून देतात, म्हणजे अर्धी, पाव, कशीही मिळू शकते. डिव्हिजन थ्री आणि हार्वर्ड, येलसारख्यांची आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे पैसे मिळतात ते मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. तुझे दहावीचे 93 टक्के बघता मी तुझ्या जागी थ्रीच्या चार-पाच चांगल्या कॉलेजांना नक्की लिहिलं असतं. तू आत्ता तोंड वाकडं केलंस, दिसलं मला इथून.

कॉलेजच्या नावाचं पत्र आलं, कॅम्पचं आमंत्रण आलं, म्हणून नाचू नका. कॅम्प हा धंदाही असतो, ती आमंत्रणं हजारोंनी जातात. ज्या कोचला तू खरंच हवी असतेस, ती तुझी मार्कशीट मागते. फोनवर दिलेली ऑफर ही फक्त फोनवरची बोली. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही व्हायची, ते पत्र ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. आता स्कॉलरशिपचा लेखी करार हाच कागद. त्यात नीट बघ, फी, खोली, जेवण, पुस्तकं, विमा यातलं काय काय आहे, उन्हाळ्यातले विषय कोण भरणार, आणि करार एका वर्षाचा की जास्त वर्षांचा. ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ हे ऐकायला गोड आहे. त्याचा अर्थ टीममध्ये ये, पैसे तुझे. आणि ‘स्कॉलरशिप मिळवून देतो, तिचे दहा टक्के द्या’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबव. अशी टक्केवारी घेणाऱ्याला एनसीएए एजंट धरतं आणि निस्तरायचं तुला पडतं. रोख बक्षिसाच्या स्पर्धा खेळली असशील तर प्रत्येकीचं साल, रक्कम आणि तुझ्या वाट्याला काय आलं ते वहीत लिहून ठेव. लीगच्या कुठल्याही कागदावर मला दाखवल्याशिवाय सही नाही.

तू लिहिलंयस, ‘आधी कुठेही घुसते, मग ट्रान्सफर घेते, आता सगळे घेतात.’ खरं आहे, घेतात. पोर्टल 2018 मध्ये सुरू झालं. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेक वेळा एक वर्ष बसून काढावं लागायचं. 2021 मध्ये एका बदलाची मुभा मिळाली आणि 2024 पासून अभ्यासात पास असशील तर कितीही वेळा. एंजल रीस ही बास्केटबॉलपटू 2022 मध्ये मेरीलँड सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) गेली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. टीव्हीवर ती दिसते. दर वर्षी हजाराहून जास्त मुली पोर्टलमध्ये नाव घालतात आणि त्यातल्या कित्येकींना नंतर कुणाचाच फोन येत नाही, त्या दिसत नाहीत. तू लेखी मागितलंस की कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव घालायचं असतं. इतकं सोपं आहे ते. पण त्याच क्षणी जुन्या कॉलेजला तुझी स्कॉलरशिप त्या टर्मनंतर थांबवता येते.

मागच्या एका ऑगस्टमध्ये एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. उंच, हसरी, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. दुसऱ्या कॉलेजातून दोन वर्षं करून आलेली, 58 क्रेडिट घेऊन. आमच्या विभागाने त्यातले 41 धरले; बाकीचे विषय आमच्या डिग्रीत बसत नव्हते. तिसऱ्या वर्षाला खेळायचं तर डिग्रीचा 40 टक्के भाग झालेला हवा, पुढे 60 आणि 80. आमची डिग्री 120 क्रेडिटची, म्हणजे 48 हवे होते. सात कमी. मी कागद तिच्याकडे फिरवला. तिने ती बेरीज तीनदा केली, बर्फाचं पाणी गुडघ्यावरून फरशीवर ठिबकत होतं, आणि मग विचारलं, ‘हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?’ कोचने तिला जर्सीचा नंबर विचारला होता, विषय नव्हते विचारले. म्हणून ट्रान्सफरचा विचार मनात आला तर कोचच्या आधी त्या कॉलेजच्या रजिस्ट्रारला गाठ, आणि किती क्रेडिट धरणार ते लेखी घे.

तुझ्या बाबतीत त्यात व्हिसाही आला. कॉलेज बदललं की सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद एकाकडून दुसऱ्याकडे जाते, नवी आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) निघते, आणि तिच्यासाठी खर्चाचा पुरावा पुन्हा दाखवावा लागतो. स्कॉलरशिप हातातून गेलेली असताना तो पुरावा म्हणजे बाबांच्या एफडी. एनआयएलच्या, म्हणजे स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देऊन मिळणाऱ्या पैशांचं तर विसरच. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा आहे, पण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना तू आठवड्याला 20 तास, तेही कॅम्पसवरच काम करू शकतेस. पर्ड्यूचा झॅक एडी दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर, म्हणून अमेरिकन सहकाऱ्यांसारखे करार त्याला मोकळेपणी करता आले नाहीत. इन्स्टावरच्या ब्रँडने बूट पाठवतो म्हटलं तरी आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचार.

आता एवढं कर. शनिवारी शाळा अर्धा दिवस असेल, तेव्हा आईला घेऊन जा आणि नववीचं निकालपत्रक शिक्क्यासह काढून घे. फोटो काढताना मागची बाजू विसरू नकोस, श्रेणींचा तक्ता बहुतेक मागेच छापलेला असतो. आणि ती हरलेली मॅच पाठव.

तुझी,
मावशी