मुलगा १७ वर्षांचा, बोलणं अचानक बोबडं झालंय, लाळही गळते. हा विल्सन आजार असू शकतो का?

हो, असू शकतो; आणि बोलण्यासोबत अक्षरही बिघडलं असेल तर तपासणी लांबवू नका. या आजारात एटीपी७बी या जनुकातल्या दोषामुळे यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते मेंदूत साठतं, जीभ-ओठांवरचा ताबा सुटतो. शब्द आठवतात, पण उच्चार घरंगळतो. (घरचे बहुतेकदा याला आळस समजतात.) न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला साठलेल्या तांब्याचं सोनेरी-तपकिरी कडं आहे का, ते बघून घ्या. शिवाय या तपासण्या:

- रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन): २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असेल तर संशय.
- २४ तासांच्या लघवीतलं तांबं: १०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर संशय पक्का होत जातो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. डबा लॅबचाच घ्या. घरच्या भांड्यातला धातूचा अंश मिसळला की आकडा फुगतो.

मात्र सेरुलोप्लाझ्मिन नॉर्मल आलं म्हणजे विल्सन नाही, असं नसतं. शरीरात कुठे सूज असेल तर ते वाढून नॉर्मल दिसतं. निदान झालंच तर सख्ख्या भावंडांनाही तपासा, प्रत्येकाला २५ टक्के शक्यता असते.